परसातला परगोला

आई गेल्यावर बाबांना मी नागपूरला घेऊन आलो, तेव्हा मार्च लागला होता. हुडकेश्वरला आमचं घर आहे. मागच्या बाजूला दहा बाय बाराचं परस, त्यात एक पपईचं झाड आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. कळमेश्वरच्या पुढे आमचं गाव. तिथे बाबांनी अठ्ठ्याहत्तर वर्षं बाहेरच काढली. घर त्यांना जेवायला लागायचं, आणि पाऊस आला तर झोपायला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी परसात खुर्ची टाकली. दहा वाजता उन्हाने त्यांना आत आणलं. चार-पाच दिवस असंच झालं, मग ते म्हणाले की मांडव घालून घेऊ. आमच्या गावात उन्हाळा लागला की दारापुढे मांडव उभा राहतोच. चार लाकडी बल्ल्या रोवायच्या, वर बांबू, त्यावर तुराट्या आणि पळसाच्या फांद्या. दोन माणसांचं दिवसभराचं काम. पाऊस आला की तो उतरवायचा आणि चुलीत घालायचा. मी हो-हो म्हटलं, म्हणजे ऐकलं नाही.

धरमपेठेतल्या ऑफिसातून मी एका संध्याकाळी परत आलो, तर भिंतीला बल्ल्या आणि बांबू टेकवलेले आणि परसात चार खड्डे. बाबा घामेजले होते आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. बायको बाबांना मामाजी म्हणते. ती म्हणाली, मामाजींनी चौकातून हातठेला ठरवून आणला, खड्डे एकट्याने लोखंडी सब्बलीने खणले, पाणी प्यायलासुद्धा थांबले नाहीत.

मला काय सुचलं असेल? लेआउटमधले शेजारी काय म्हणतील, हे सुचलं. समोरच्या घरी परगोला होता. लोखंडी खांब, काळा रंग, वर धुरकट पत्रा, खाली झोका. आम्ही तिथे चहाला गेलो होतो आणि परत येताना बायकोने दोनदा वळून बघितलं. त्याच्यापुढे आमच्या परसात पळसाच्या फांद्या. बत्तीस वर्षं नोकरी करून मी मांडवात बसणार होतो काय! ही लाज माझी होती, दुसऱ्या कुणाची नव्हती.

मी बाबांना म्हटलं, असं कच्चं कशाला, पक्कं करू. लोखंडाचा परगोला करू, तो दरवर्षी काढावा लागत नाही.

"किती दिस लागन त्याले?" त्यांनी विचारलं.

"आठ-दहा दिवस."

"मी उद्या घालतो ना गा. तुहा येईपर्यंत मांडव राहीन."

तेवढं त्यांनी मागितलं होतं. पण मी त्याच रात्री लोखंडकाम करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी माप घ्यायला येणार होता, आणि त्याने जागा मोकळी ठेवायला सांगितलं. खड्डे मीच बुजवले, पायाने माती लोटून. बल्ल्या-बांबू बाजूच्या बांधकामावर देऊन टाकले. बाबा दारात उभे राहून बघत होते.

परगोल्याचे एकसष्ट हजार सांगितले होते, ब्याऐंशी झाले. मध्ये लग्नसराई आली, वेल्डर गावी गेले. खांब आले तर ते एका फुटाने कमी. ते परत गेले. मग त्यांना भट्टीत भाजून रंग द्यायचा होता, तिथे नंबर लागेना. यात कुणी मला फसवलं असं नाही, कामं अशीच होतात. मी रोज फोन करायचो आणि रोज 'दोन दिवस' ऐकायचो. एप्रिल असा गेला, मेही गेला.

सुरुवातीला मी घरी आलो की बाबा विचारायचे, आला काय तो? पुढे दोन-दोन दिवसांनी विचारू लागले. मग विचारणं बंद झालं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. एक कटकट कमी झाली असं वाटलं. समोरच्या खोलीत त्यांच्यासाठी एसी लावला होता, टीव्ही होता. बायको त्यांना वेळेवर जेवायला द्यायची, ताक द्यायची. ते पलंगावर बसून बातम्या बघायचे आणि त्याच बातम्या पुन्हा बघायचे. न्हाणीत जाताना भिंतीला हात लावू लागले, तेही मी बघितलं. गावात या माणसाने मागच्या दिवाळीपर्यंत विहिरीवरून पाणी आणलं होतं. बघितलं, आणि चहा प्यायला बसलो. त्या उन्हाळ्यात मला कशाचंच काही वाटत नव्हतं. आईचंही नाही. ऑफिसात लोक विचारायचे, मी म्हणायचो, ठीक आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परगोला उभा राहिला. चांगला झाला, खोटं कशाला बोलू. खाली फरशी बसवली, दोन वेताच्या खुर्च्या आणल्या. बायकोने फोटो काढून बहिणींना पाठवले. संध्याकाळी सहाला ऊन उतरल्यावर मी बाबांना आणायला गेलो. चपला सापडेनात. पलंगाखाली पार आत गेल्या होत्या, त्यांच्यावर धूळ बसली होती. मी पुसून त्यांच्या पायांत घातल्या, तेव्हा पाय सुजलेले दिसले.

हात धरून त्यांना मागच्या दारापर्यंत नेलं. उंबऱ्याशी ते थांबले. खांब बघितले, वरचा पत्रा बघितला, खुर्च्या बघितल्या. मी म्हटलं, बाबा, बसा ना, तुमच्यासाठीच केलंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. माहीत नसलेली गोष्ट एखाद्याने विचारावी तसं त्यांनी विचारलं,

"बाहेर काय हाय गा?"

मी परसाकडे बघितलं. काहीतरी सांगायला हवं होतं. मी एक खुर्ची जरा दाराजवळ ओढली.

ते वळले आणि भिंत धरून सावकाश पलंगाकडे गेले. एसीची हवा बाहेर जात होती, म्हणून मी दार लावून घेतलं.