हनीफचाचांचा धुतलेला डबा

बाबांच्या जीपला भज्यांचा वास यायचा.

जीप आहे. वासही आहे. बाबांना जाऊन आज वर्ष झालं.

केमिकल कंपनीतून रिटायर झाले आणि त्यांच्या डोक्यात बायोडिझेल शिरलं. तेव्हा बियांच्या तेलासाठी जो तो मोगली एरंड लावायला निघाला होता. बाबांचा डोळा आमच्या कोन गावच्या भातखाचरावर.

ते आईला माहेरून मिळालेलं.

"लावा एरंड, आणि जीपलाच जेवायला वाढा," आई म्हणाली.

बाबा वरमले, पण हट्ट सुटेना. इथेनॉलचा ऊस पाणी फार पितो, एरंड जमीन अडवतो, रोज जेवताना हेच लेक्चर. शेवटी म्हणाले, "तळणीचं जुनं तेल! ते तसंही गटारात जातं. जमलं तर तुझं खाचर सुटलं. नाही जमलं तर एरंड."

पनवेलच्या बाजारात हनीफचाचांची भज्यांची गाडी. त्यांनी हौसेने डबा भरून दिला.

मागच्या शेडमध्ये पहिला घाणा निघाला. डिझेलऐवजी साबण!

दुसराही साबण. आईने त्या साबणाने जीप धुतली, पण खाचराच्या काळजीने तिचा चेहरा उतरला होता.

तिसऱ्या वेळी बाबांनी तेल आधी तापवून पाहिलं. तडतडलं. तेलात पाणी होतं, त्यानेच साबण होत होता.

आम्ही दोघं चाचांकडे गेलो. बाबांनी तोंड उघडायच्या आत चाचाच म्हणाले, "साहेब, तुमच्या घरी जायचा डबा. चकाचक धुवून मगच भरतो. कसली कसर नाय ठेवत."

बाबा नुसतं "शुक्रिया" म्हणाले.

परत येताना मी चिडले. "सांगायचं ना त्यांना!"

"काय सांगू? एवढ्या मायेने धुतो तो. आपण तापवून घेऊ."

मग प्रत्येक डबा आधी शेगडीवर. फायद्यातून तेवढा गॅस वजा. आई कुरकुरायची, पण खाचर राहिलं आणि जीपही धावली. रमजानमध्ये चाचांचं तळण वाढायचं, तेव्हा तर आमची तेलाची चंगळ असायची.

आज सकाळी चाचा आले. हातात डबा, बाहेरून अजून ओला.

"साहेबांचा डबा हाय, भाभी. धुवून भरलाय."

बाबा असते तर म्हणाले असते तेच आई म्हणाली. "शुक्रिया."

ते गेल्यावर तिने स्वतः शेगडी पेटवली. तेल तडतडायला लागलं. आवाज थांबेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो. रडलोही.

बाबा, आज तुमच्या पानात कोनचाच भात वाढलाय.

तेल कोरडं झालंय. जीप मी चालवते.

तुम्ही निवांत राहा.