आतून लागलेली कडी

आटपाडीच्या एस.टी. स्टँडवर अण्णांनी माझी वळकटी गाडीच्या टपावर चढवली, खाली उतरून हात झटकले आणि खिडकीशी येऊन उभे राहिले. १९९८चा मे महिना. मांडीवर वर्षाचा केदार झोपला होता. ह्यांची बांधकाम खात्यात रत्नागिरीला बदली झालेली. ते आधी जाऊन खोल्या बघून आले होते आणि आता आम्हाला न्यायला आले होते. आई शेंगदाण्याच्या पिशवीची गाठ सोडत होती, पुन्हा बांधत होती. गाडी हलली तसे अण्णा म्हणाले, "तिकडं पाऊस लई असतोय म्हणं. पोराला भिजू देऊ नगंस. आन् न्हाईच करमलं तर चिठ्ठी टाक, मी न्यायला येतो."

ते शेवटचं वाक्य मी मनात जपून नेलं. आंबा घाट उतरतानाही तेच घोळवत होते.

रत्नागिरीत आमच्या खोल्या एका चिऱ्याच्या घराच्या मागच्या बाजूला होत्या. पुढे पडवी, मग बाहेरची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, वर कौलं. पुढच्या भागात घरमालकीण हलिमा खाला, म्हणजे मावशी, आणि त्यांचे यजमान राहायचे. खालांचं माहेर किनाऱ्यावरच्या नाटे गावचं. दोन्ही मुलगे कुवेतला नोकरीला. यजमान उभा जन्म बोटीवर काढून घरी बसलेले, सगळी आळी त्यांना चाचा म्हणे. माणसं वाईट नव्हती. पण मी लांबच राहिले. एक तर त्यांचं बोलणं मला निम्मं कळायचं नाही. मी "न्हाई" म्हटलं की नळावरच्या बायका हसायच्या, आणि आपल्या "गं"सारखं त्यांचं "गो, गो" ऐकून मला वाटायचं, आपल्याला कुणी हाकलतंय की काय.

पहिला पावसाळा तसा निभला, कारण केदार अजून धरून धरून चालत होता, लांब जायचा नाही. दुसऱ्या वर्षी तो पळायला लागला. आणि पाऊस तसाच. आमच्याकडे एक ढग आला तर अंगणात उभं राहून बघायचो. इथे नऊ-नऊ दिवस ऊन नाही. दुपट्यांना कुबट वास, माचिस पेटत नाही, आणि दोन खोल्यांत कोंडलेलं सव्वादोन वर्षांचं पोर. मी काय काय केलं नाही! परातीत पाणी घालून वाट्या तरंगवल्या. कांदे-बटाटे मोजून टोपलीत भरायला लावले. वर्तमानपत्राच्या होड्या करून पागोळ्यांखाली सोडल्या. तांदळाचा डबा त्यानं एकदा स्वतःच पालथा घातला, तेव्हा रागवायचं सोडून मी म्हटलं, चला, ह्यात तासभर जाईल. तासभर कुठला, दहा मिनिटांत तो पुन्हा दाराशी. "भूर," एवढाच एक शब्द. बाहेर पावसाची भिंत उभी, आणि हा "भूर".

पावसात रस्ते खचायचे, त्यामुळे ह्यांना चार-चार दिवस बाहेर राहावं लागे. ऑगस्टमधल्या अशाच एका मुक्कामात मी अण्णांना पत्र लिहिलं. करमत नाही, पोरालाही कोंडल्यासारखं होतंय, न्यायला या. पाऊस थोडा थांबला की पेटीत टाकायचं म्हणून ते फळीवर ठेवलं. पाऊस थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केदारच्या आंघोळीचं पाणी वातीच्या स्टोवर ठेवलं होतं. गॅसचा नंबर अजून लागायचा होता, आणि स्टो स्वयंपाकघरात जमिनीवरच असायचा. वारा फिरला आणि पडवीतल्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर झड येऊ लागली. एका उडीत काढून आणते म्हणून मी बाहेर गेले. मागे दार आपटलं. आणि मग आतून आवाज आला, टक.

दाराला खाली एक कडी होती. चार दिवसांपूर्वी केदारला तिचा शोध लागला होता. सरकवली की टक वाजते, ह्याचं त्याला फार कौतुक. सरकवायला यायची, पण उलटी काढायला जमायची नाही.

मी पडवीतल्या खिडकीशी धावले. गजांमधून आतली खोली दिसत होती, आणि तिच्यापलीकडे उघड्या दारातून स्वयंपाकघरातला स्टो. वर पाण्याचं भांडं, झाकण थडथडायला लागलेलं. केदार खोलीच्या मधोमध उभा राहून टाळ्या वाजवत होता.

"केदार, बाळा, कडी काढ. दाराकडं जा," मी म्हटलं. तो गेला, कडी हलवली, हसला, परत आला. मी पुन्हा सांगितलं. मग त्याचं लक्ष झाकणाकडे गेलं. तो वळला, आणि मी किंचाळले. तो दचकून रडायला लागला, पण रडत रडत आतच निघाला. आईचा आवाज आला की मागे स्वयंपाकघरात जायचं, ही त्याची रोजची सवय.

माझी किंकाळी ऐकून खाला डोक्यावर गोणपाट धरून आल्या. "काय झायला गो सुमन?"

मी दाराकडे बोट दाखवलं. "आतून कडी... स्टो पेटलाय... खालीच हाय..."

त्यांनी खिडकीतून एकदा आत बघितलं. मग मान वळवून पुढच्या घराकडे अशी हाक मारली की पावसातही आळीभर गेली असेल. आणि मला हलक्या आवाजात म्हणाल्या, "ओरडू नको. तू रडलीस तर तो पण रडंल. त्याला हयं खिडकीशी धरून ठेवायचा, बस."

चाचा आले. दार ढकलून बघितलं. जुनं सागवानी दार, चिऱ्यात बसवलेलं, शिवाय पोर त्याच्यामागे असलं तर त्यालाच लागायचं. त्यांनी वर बघितलं. "कौलांतून उतरतो," एवढं म्हणून शिडी आणायला गेले. साठी उलटलेला माणूस, गुडघे धरून चालणारा, आणि कौलं शेवाळानं हिरवीगार. खालांच्या तोंडावरून काहीतरी सरकलं. पण त्यांनी नको म्हटलं नाही.

खालांनी गजांतून हात आत घातला आणि बोटं वळवळवली. "केदारबाळा, ही बघ कोलंबी आली! ही आली कुर्ली! चावते हां!" केदार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबला. अंगठा-बोटाची खेकड्याची नांगी करून त्यांनी ती गजावर चालवली. तो दोन पावलं पुढे आला. त्या बाजारातल्या कोळणीसारख्या ओरडल्या, "बांगडे घे, मांदेली घे!" तो आणखी पुढे आला. मग थोड्या वेळानं कंटाळला. आता माझी पाळी होती. मला काय येत होतं? अण्णा शेरडं वळायचे तशी हाळी घातली. बकरीच्या पिलासारखी ओरडले, मेंढीसारखी खोकले. वर्षभर मी त्या घरात आवाज चढवून बोलले नव्हते, आणि आता पडवीत उभी राहून बोकडासारखी बोंबलत होते. केदार खिडकीशी येऊन गजाला लोंबकळला. त्याचे गाल मी दोन बोटांनी धरून ठेवले.

वर कौलं सरकत होती. एकेक आवाज माझ्या छातीत वाजत होता. मग चाचांचा पाय सरकला असावा. एक कौल निसटून स्वयंपाकघरात पडलं आणि फुटलं. केदारनं गर्रकन मान फिरवली. त्याला काहीतरी नवीन मिळालं होतं. माझी बोटं सुटली, आणि तो पळत सुटला.

खालांनी एक क्षण दवडला नाही. साडी गुडघ्यापर्यंत खोचली, पडवीतून सरळ अंगणात उतरल्या आणि पागोळ्यांच्या धारेखाली जाऊन उभ्या राहिल्या. कधी पदर न ढळू देणारी बाई. "केदार! खाला भिजली रे! खाला बघ, भूर गेली!" असं म्हणत त्या चिखलात नाचायला लागल्या. मीही उडी मारली. आम्ही दोघी हात धरून गरगर फिरत होतो, तोंडात पाणी जात होतं, आणि मी ओरडत होते, "भूर! आई भूर गेली!"

तो शब्द कामी आला. केदार परत आला, गजांना नाक दाबून उभा राहिला आणि इतका खदखदून हसला की त्याला उचकी लागली. त्याच्यामागे, स्वयंपाकघरात, दोन पाय वरून लोंबकळताना दिसले. मग अख्खे चाचा खाली आले. आधी त्यांनी स्टोच्या वाती उतरवल्या. मग हळूच येऊन केदारला मागून कवेत घेतलं आणि कडी काढली.

मी केदारला मांडीत घेऊन पायरीवरच बसले. चाचांच्या कोपराला खरचटून रक्त येत होतं. ते म्हणाले, "पोरगा हुशार हाय. कडी लावली ती काय साधी गोष्ट?" खाला भिजलेला पदर पिळत होत्या. आधी त्या हसल्या, आणि मग बाजूला तोंड करून नवऱ्याला म्हणाल्या, "पडला असतास म्हणजे?" आणि पदराचं टोक त्यांच्या कोपरावर दाबून धरलं. तेव्हा मला समजलं, त्या अंगणात कुणाकुणासाठी नाचत होत्या ते.

पाणी चांगलं तापलं होतं. खालांनीच केदारला न्हाऊ घातलं. मग आम्ही त्यांच्या चुलीपुढे बसून चहा प्यालो. केदार त्यांच्या मांडीवर झोपला, आणि मी रडले. ते रडणं त्या सकाळचं होतं की वर्षभराचं, कोण जाणे. पण मोकळं वाटलं. छातीवरचा दगड कुणी उतरवून ठेवावा तसं.

फळीवरचं पत्र मी टाकलं नाही. दुसरं लिहिलं, त्यात बोकडाचा प्रसंग होता, कौलाचा नव्हता. ह्यांनी आल्या आल्या खालची कडी उपटून काढली. त्यानंतर पाऊस कमी झाला नाही, पण केदारला कोंडून ठेवणं मी बंद केलं. तो पुढच्या घरात चाचांशी दोरीच्या गाठी मारत बसायचा. बोलायला लागला तो "काय गो आई" म्हणतच.

२००३ साली ह्यांची सांगलीला बदली निघाली. पाच वर्षं मी त्या कागदाची वाट बघितली होती. तो हातात आला आणि मी विचारलं, "रद्द करून घेता येईल का?" ह्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. अर्ज केला, तो मान्य झाला. अजूनही आम्ही तिथेच आहोत, त्याच आळीत, आता स्वतःच्या दोन खोल्यांत.

आमच्या गावच्यांपैकी जे आटपाडीत राहिले, ते मला विचारतात, तिकडे कसं राहतेस? आणि जे माझ्यासारखे लांब गेले, ते काही विचारत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात मी अण्णांना फोनवर सांगत होते, "तिकडं पंधरा दिवस राहीन. पण पाऊस लागायच्या आत घरी जायला पायजे."

 

अण्णा म्हणाले, "जा की. घरी तर जायालाच पायजे." आणि ते हसत होते.