बॅटरीचं निरांजन

आयुष्यात एकदाच मला एका परक्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांना ओवाळायची कामगिरी मिळाली होती. ती आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पवईच्या एका इंजिनियरिंग संस्थेत मी टायपिस्ट होते, तीही टेंपररी. दिवाळी संपल्यावर दोनच दिवसांनी हे राष्ट्राध्यक्ष आमची नवी प्रयोगशाळा बघायला येणार होते. ते गाडीतून उतरले की नऊवारी नेसलेल्या बाईनं त्यांना ओवाळायचं, असं वरून ठरून आलं. रजिस्ट्रारसाहेबांनी ऑफिसभर नजर फिरवली आणि मला बोलावलं. मला कायम करायची ऑर्डर त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडून होती. मी "हो सर" म्हणाले.

रंगीत तालीम ठेवली नेमकी भाऊबीजेला. दिल्लीहून येणाऱ्या प्रोटोकॉलच्या साहेबांना म्हणे तोच दिवस मोकळा होता.

मला एकच भाऊ. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर तो मालवाहू जहाजावर लागला होता. त्या भाऊबीजेला संध्याकाळी सहाला त्याला गोदीत हजर व्हायचं होतं, आणि पुढे चौदा महिने तो दिसणार नव्हता. बोरिवलीच्या आमच्या घरून तो चारला निघणार होता. "बारापर्यंत सोडतो," असं रजिस्ट्रारनी सांगितलं, म्हणून सकाळी निघताना मी भावाला दम देऊन ठेवला, "मी दोनच्या आत येते. ओवाळल्याशिवाय निघालास तर बघ हं!"

"तू ये गं आधी," तो म्हणाला.

संस्थेच्या पोर्चमध्ये दिल्लीचे साहेब जाडजूड फाइल घेऊन उभे होते. त्यांच्या शेजारी पाहुण्यांच्या वकिलातीतला एक उंच गोरा माणूस हातात स्टॉपवॉच घेऊन. ओवाळण्याला चाळीस सेकंद दिलेले होते. राष्ट्राध्यक्ष म्हणून आमच्या शिपाईमामांना उभं केलं. मामा मालवणकडचे, निवृत्तीला आलेले. खाकी कपड्यांत ते इतके ताठ उभे राहिले की खरे राष्ट्राध्यक्षही राहिले नसते.

मग सुरक्षेवाले आले आणि त्यांनी माझ्या ताम्हनाची वाट लावली. ज्योत चालणार नाही. अक्षता टाकणं म्हणजे पाहुण्यांवर वस्तू फेकणं, तेही नाही. कुंकू लावायला कपाळाला हात लावावा लागतो, तेही नाही. सुपारी त्यांनी फोडून आतून बघितली आणि परत दिलीच नाही. वायरमनला बोलावून निरांजनात टॉर्चचा बल्ब बसवला, खाली बॅटरी. मी म्हटलं, "अहो, विझलेल्या निरांजनानं ओवाळतात का कुणी?" तर दिल्लीचे साहेब म्हणाले, "मैडम, सिंबॉलिक है."

या सगळ्यात साडेबारा वाजले. शेवटी पहिली तालीम सुरू झाली. गोऱ्यानं स्टॉपवॉच दाबलं, मी पुढे झाले आणि तो बल्ब मामांच्या तोंडासमोरून तीनदा फिरवला. मामांनी गंभीरपणे खिशात हात घातला आणि दोन रुपयांची नोट ताम्हनात ठेवली.

"ये क्या था?" साहेब ओरडले.

मामा गोंधळले. "सायब, आज भावबीज. बायन ओवाळल्यान, मगे रिकाम्या हातान कसो ऱ्हवतलंय?"

गोऱ्यानं त्याचा अर्थ विचारून घेतला आणि वही काढली. तिथेच माझा दिवस बुडाला. रीत जर ताम्हनात काही घालण्याची असेल, तर पाहुण्यांना ते आधी कळवायला हवं. त्यांनी काही घातलं तर ती एका राष्ट्रप्रमुखांची भेटवस्तू झाली. मग ती कोणाची? माझी, संस्थेची की सरकारची? आणि नाही घातलं तर यजमानांचा अपमान होतो का? हे म्हणे दिल्लीला विचारावं लागणार होतं. दिल्लीला दिवाळीची सुट्टी होती. ट्रंक कॉल लावला आणि आम्ही सगळे त्या फोनची वाट बघत उभे राहिलो.

मी तीनदा सांगितलं, "साहेब, पाहुण्यांनी काही नाही घातलं तरी चालतं. आमच्यात कुणी रागावत नाही." पण टेंपररी टायपिस्टचं म्हणणं फाइलला लागत नाही.

दोन वाजता मी रजिस्ट्रारना म्हटलं, "सर, माझा भाऊ चारला निघतोय." ते दिल्लीवाल्यांनी ऐकलं. "मैडम, हमारी भी बहन कानपुर में बैठी है," ते म्हणाले. ताम्हन तिथेच ठेवून मी फाटकाबाहेर पडू शकत होते. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. पण टेबलावरची ती ऑर्डर डोळ्यांसमोरून हलेना, आणि मी हलले नाही. याचा राग मला साहेबांपेक्षा स्वतःचाच जास्त येतो.

साडेचारला दिल्लीचं उत्तर आलं. पाहुणे काही घालणार नाहीत. त्यानंतर नव्यानं पाच तालमी झाल्या. मामांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. मी त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. त्या माणसानं रीतीला धरून तेवढं केलं होतं आणि मी त्याच्यावरच फुगून बसले होते.

घरी पोचले तेव्हा पावणेआठ झाले होते. पाट मांडलेलाच होता. भोवतीची रांगोळी एका बाजूला पायानं पुसली गेली होती. "साडेचारपर्यंत बसून होता," आई म्हणाली. "उठेचना. बोट चुकेल म्हणून मीच उठवलं शेवटी. जा, चंद्राला तरी ओवाळ."

निरांजन लावून मी गॅलरीत गेले. बीजेची कोर ती, तासा-दीड तासाचीच. केव्हाच मावळली होती. मी आईवर ओरडले, मग तिथेच बसून रडले.

दोन दिवसांनी राष्ट्राध्यक्ष पंचवीस मिनिटं उशिरा आले. दिल्लीच्या साहेबांनी कार्यक्रमाच्या कागदावर ओवाळण्याच्या ओळीवरून पेन्सिलीनं एक रेघ मारली आणि मला हातानंच मागे व्हायची खूण केली. माझ्यापासून दोन हातांवरून पाहुणे सरळ आत निघून गेले. मी बल्ब लावून उभी होते. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या मामांनी मान खाली घातली.

माझी ऑर्डर निघाली. मी कायम झाले.

फेब्रुवारीत कुठल्याशा बंदरावरून भावाचं पत्र आलं. त्यानं लिहिलं होतं, 'त्या दिवशी तुझ्यावर जाम चिडलो होतो. पण मग बोटीवर सगळ्यांना सांगितलं, माझी बहीण राष्ट्राध्यक्षाला ओवाळत होती, म्हणून माझी भाऊबीज हुकली. कॅप्टननं बोलावून हात मिळवला. आता सांग, ते राष्ट्राध्यक्ष काय म्हणाले तुला?'

मी दोन दिवस ते पत्र घेऊन फिरले. मग लिहिलं, 'ओवाळलं. त्यांनी वाकून नमस्कार केला.'

तो आता निवृत्त झालाय. दर भाऊबीजेला पाटावर बसला की माझ्या नातवंडांना राष्ट्राध्यक्षांचा तो नमस्कार करून दाखवतो, आणि मी खाली बघून वात सारखी करत राहते.