रंगीत पत्र्यावरचं नाव

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, सोलापुरात पेट्यांच्या एका कारखान्यात रंगारी होते. कारखाना म्हणजे एक लांब शेड, सात-आठ माणसं आणि मागच्या बाजूला रंगखोली. पत्रा कापून, वाकवून, रिबिटा मारून पेटी तयार झाली की ती आबांकडे यायची. आधी लाल अस्तर, त्यावर हिरवा नाहीतर निळा रंग, मग दोन दिवस वाळवण. उन्हाळ्यात वारा सुटला की ओल्या रंगावर धूळ बसायची आणि आबा वाऱ्यालाच शिव्या घालायचे.

पेटी लग्नाची असली की झाकणावर नाव घालायचं. नाव मुलीचं सासरचं. ‘सौ.’, मग तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. हे लग्नाच्या आधीच लिहून तयार लागायचं, त्यामुळं बऱ्याच मुलींचं नवं नाव पहिल्यांदा आबांच्या हातून उमटायचं. आबांना याचं अप्रूप होतं. शाळा दुसरीतच सुटलेली, पण अक्षर बघून गिऱ्हाईक विचारायचं, “मास्तर होता काय?”

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा मालकांनी रंगीत पत्रा आणायचं ठरवलं. मुंबईहून येणारा, रंग लावून भट्टीत भाजलेला. कापला, वाकवला की पेटी तयार. वाळवायची भानगडच नाही. पत्र्याच्या पहिल्या गठ्ठ्याबरोबर दोन पानांचा इंग्रजी कागद आला. मालकांनी मला रविवारी बोलावून घेतलं.

“वाच की रे मोठ्यानं. कॉलेजात जातोस, तुझ्याशिवाय कोण हाय हितं?”

सगळी माणसं हातातलं काम टाकून माझ्याभोवती उभी राहिली. आबा रंगखोलीच्या दारात. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेलो. एक पत्रा दुसऱ्यावरून ओढू नये. टेबलावर गोणपाट अंथरावं. पत्रा ठोकायच्या मोगरीला कापड बांधावं. खुणा लोखंडी टोकानं करू नयेत.

“पत्रा हाय का नवी नवरी?” पत्रा कापणारे चाचा म्हणाले. “हात लगाने के पहिले पूछना पडता क्या?”

सगळे हसले. आबाही हसले. मी पुढं वाचत राहिलो, आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं. आमच्या घरातलं कुणीतरी वाचतंय आणि कारखाना ऐकतोय, असं याआधी कधी झालं नव्हतं.

आता रंगाऱ्याचं काय, हे कुणी मोठ्यानं विचारलं नाही. संध्याकाळी मालकांनीच आबांना बोलावून सांगितलं, “रंग आयता आला तरी नावं काय मुंबईहून येत नाहीत. तुमी नावं करा. जमलं तर ऱ्हावा, न्हाईतर मग बघू.” आबा मान हलवून परत आले. नावांवरच आता त्यांची जागा टिकायची होती.

पहिलीच पेटी मैंदर्गीच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीची निघाली. डाळिंबी रंगाची, आरशासारखी. आबांनी झाकणावरून अंगठा फिरवला.

“तेलकट लागतंय रं. ह्याच्यावर रंग धरंल का? जरा पॉलिश पेपर मारू का?”

नाव घालण्याआधी तेवढी जागा हलक्या हातानं घासून घ्यायची, ही आबांची जुनी पद्धत. घासल्याशिवाय त्यांनी कधी ब्रश टेकवला नव्हता. पण पत्रा नवा आणि महागाचा. चरा पडला तर मालक काय म्हणतील, ही धास्ती. ते म्हणाले, “कागदात काय लिवलंय ते बघ.”

मी कागद काढला. त्यात ओळ होती की पृष्ठभाग कोणत्याही खरखरीत वस्तूनं घासू नये. मी तेच सांगितलं.

“आसं लिवलंय?”

“व्हय. स्पष्ट लिहिलंय.”

ती ओळ पत्र्याची ने-आण आणि साठवण या मथळ्याखाली होती. वर पुन्हा रंग द्यायचा झाल्यास काय करावं, याबद्दल त्या कागदात अवाक्षर नव्हतं. हे मला तेव्हाच दिसलं होतं. ‘आबा, मला नक्की कळत नाही, तुमच्या हाताला काय वाटतं ते करा,’ एवढं म्हणायचं होतं. पण कॉलेजात जाऊन मला कळत नाही, असं आबांना सांगायचं कसं? मी कागदाची घडी घालून ठेवून दिली.

आबांनी पॉलिश पेपर खाली ठेवला आणि पांढऱ्या रंगात नाव घातलं. अक्षर इतकं सुंदर उठलं की चाचासुद्धा उठून बघून गेले.

लग्नानंतर आठवड्याभरात मुलीचे वडील ती पेटी स्टँडवरून टांग्यात घालून परत घेऊन आले. टोपी काढून घाम पुसत त्यांनी पेटी मालकांसमोर ठेवली. “एन्री इदु? काय हो हे?” मुलीच्या सासूनं ओल्या फडक्यानं झाकण पुसलं होतं आणि पुसता पुसता रंगाचा पापुद्रा फडक्याबरोबर निघून आला. मुलीचं नाव जागेवर होतं, आडनावही होतं. मधलं नवऱ्याचं नाव तेवढं गेलं होतं.

“आठ दिवसांची नवरी हो. सासू काय म्हणाली असंल, सांगा की. माझी पोरगी तिथं रडत बसलीया.”

मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी आबांना हाक मारली. मी त्या दिवशी आबांचा डबा घेऊन आलो होतो, दारातच होतो.

“घासलं नव्हतं?” मालकांनी विचारलं.

“न्हाई.”

“का? सोळा वर्सं झाली की तुमाला या कामात.”

आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “घाई केली.”

माझ्या हातात डबा होता. दोन पावलं पुढं जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि तिथंच उभा राहिलो.

व्यापाऱ्याला दुसरी पेटी दिली, कोरी, नावाशिवाय. त्यानंतर मालकांनी नावं घालणंच बंद केलं आणि आबांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. हल्ली आबा हैदराबाद रोडला ट्रकवर नंबर घालतात, दिवसभर उन्हात. नंबर घालण्याआधी जागा घासून घेतात. त्या पेटीचा विषय घरात कधीच निघाला नाही.

गेल्या महिन्यात धीर करून मी मालकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मग त्याच दिवशी बोलायचं होतंस की, बाळ. मला वाटलं, माणूस आता म्हातारा झाला, हात विसरला. हात विसरलेला माणूस कामावर कसा ठेवायचा? तू बोलला असतास तर ती पेटी घासून पुन्हा लिहून घेतली असती.”

“आता घ्याल का त्यांना?”

त्यांनी मागं बोट दाखवलं. रंगखोलीचं दार काढून टाकलं होतं आणि आत छतापर्यंत रंगीत पत्रे रचलेले होते. “कुटं बसवू?” ते म्हणाले. त्यात चिडणं नव्हतं, खरोखरच विचारत होते.

मी नमस्कार करून निघालो. आबांचा हात विसरला, असं मालकांना दोन वर्षं वाटत होतं, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही. मालकांचा गैरसमज आता गेलाय, एवढं तरी आबांना कळायला हवं. पण ते सांगायचं तर कारखान्यात का गेलो होतो ते सांगावं लागेल, आणि ती ओळ साठवणीची होती हे मला तेव्हाच दिसलं होतं, हेही. रोज संध्याकाळी ते हातपाय धुऊन जेवायला बसतात, मी समोर बसतो, आणि अभ्यास कसा चाललाय असं त्यांनी विचारलं की मी बरा चाललाय म्हणतो.