उलट दिशेची सहल

लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला "या वेळी सहलीला कुठं?" असं कुणी विचारत नाही. सगळं जग आमच्याकडं येतं, मग आम्ही कशाला कुठं जातोय, अशी लोकांची समजूत असते. लग्नाच्या वेळी माझीही तीच समजूत होती. अर्थात, त्या वयात माझ्या बऱ्याच समजुती होत्या. आपण हुशार आहोत, ही त्यातली पहिली.

माझं माहेर उर्से. आता गावाचं नाव काढलं की लोक "म्हणजे टोलनाक्याचं ना?" म्हणतात, पण तेव्हा तो एक्स्प्रेसवेही नव्हता. भाताच्या खाचरांतून उठून मी थेट लोणावळ्यात, रेल्वेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरी जाणार म्हटल्यावर माझी मान जी ताठली, ती मांडवातसुद्धा खाली झाली नाही. ज्याच्या ज्याच्या पाया पडले त्याला मी एकच वाक्य ऐकवलं, "लोणावळ्याला या हं!" निघायची वेळ झाली तरी माझी आमंत्रणं चालूच. आई मागून कोपरानं ढोसत होती.

"आगं, रड की जरा. लोकं बघत्यात."

"रडते गं. एक मावशी राहिलीय, तिला सांगते आन् रडते."

मावशीला सांगितलं. रडायचं राहूनच गेलं.

लोकांनी आमंत्रण मनावर घेतलं. पुण्याकडून रविवारची पहिली लोकल आली की अर्ध्या तासात आमच्या दोन खोल्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. माझी चुलत भावंडं, यांचे मामेभाऊ, त्या मामेभावाच्या ऑफिसातला कुणी आणि त्याची मेहुणी. सासूबाई शांत बाई. त्या एका शब्दानं मला बोलल्या नाहीत. शनिवारी रात्रीच दुप्पट तांदूळ निवडायला घ्यायच्या आणि सूप आपटताना माझ्याकडं बघायच्या, एवढंच.

जेवणं झाली की पाहुण्यांना लोणावळा दाखवायचं काम माझं. लेणी, धरण, तळं, जमलं तर कुरवंड्यापर्यंत जाऊन नागफणीचा सुळका. हे काम मी इतक्या तोऱ्यात करायचे की आज आठवलं तरी कान गरम होतात. मला स्वतःला यातलं काय ठाऊक होतं? मीही नवीनच. पण पॉइंटवर दाट धुकं असलं की माझं ज्ञान एकदम वाढायचं. समोर हातभर लांबचं दिसत नसताना मी बोट करून सांगायचे, "तो बघा किल्ला. त्याच्या डावीकडं दुसरा. खाली पांढरी रेघ दिसते ना, तो धबधबा." पाहुणे डोळे बारीक करून "हो हो, दिसला" म्हणायचे. एकदा तर एका काकांनी मी न सांगितलेला तिसरा किल्लाही पाहिला.

संध्याकाळी सगळे चिक्कीचे पुडे घेऊन परत. आम्ही फलाटावर हात हलवायला. घरी येऊन भांड्यांचा ढीग.

असं वर्षभर चाललं आणि मग एके दिवशी माझ्या डोक्यात आलं, की लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठंच गेलेलो नाही. यांची ड्यूटी शिफ्टची. रविवारची सुट्टी क्वचित मिळायची आणि मिळाली की घरात पंगत. मी रुसले. रुसणं मला चांगलं जमायचं. भाजीत मीठ घालायचं विसरायचे, पण फक्त यांच्या वाटीत. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "बरं बाई, पुढच्या रविवारी सुट्टी काढतो. सगळे इकडं येतात ना? आपण पुण्याला जाऊ."

बेत असा ठरला. सकाळची लोकल. सारसबागेत गणपती, बागेत बसायचं, मग हॉटेलात मसाला डोसा, आणि अंधार पडायच्या आत परत. डोसा काही मी तोवर खाल्ला नव्हता असं नाही. पण टेबलाच्या दोन बाजूंना दोघंच समोरासमोर, आणि मला कुणाला वाढायला उठायचं नाही, असा खाल्ला नव्हता. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "जा. आलं कुणी तर मी बघते." त्या बाईचे उपकार मी तेव्हा ओळखले नाहीत. मी साडीला इस्त्री करण्यात गुंतले होते. डाळिंबी रंगाची नवी साडी, त्यावर अबोलीचा गजरा. यांनी लग्नातला शर्ट घातला होता.

आता लोणावळ्याची गंमत अशी, की पुण्याहून आलेली लोकल इथंच थांबते आणि तीच उलटी पुण्याला जाते. म्हणजे आम्ही ज्या डब्यात चढणार, त्यातून आधी कुणीतरी उतरणार. ही साधी गोष्ट रेल्वेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या आणि त्याच्या हुशार बायकोच्या ध्यानात आली नाही.

गाडी लागली. दार आमच्यासमोर आलं. दारात मावशी. तीच, जिला आमंत्रण देण्याच्या नादात माझं रडायचं राहिलं होतं. मागं काका, त्यांची तीन पोरं आणि एक कोंबड्याची टोपली.

"आगंबाई!" मावशीनं फलाटावरच मला मिठी मारली. "आमी येणार म्हून तुला कसं गं कळलं? आन् आमच्यासाठी नवी साडी नेसून आलीस व्हय?"

त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं. "मावशी, आम्ही बाहेर चाललोय, घरी सासूबाई आहेत." सोपं वाक्य. पण आमच्या मावळात दारात, बांधावर किंवा फलाटावर पाहुणा दिसला की तोंडातून दुसरंच बाहेर पडतं, आणि ते अडवायची सोय देवानं केलेली नाही.

"व्हय मावशी," मी म्हटलं. "तुलाच घ्यायला आले."

यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मग निमूटपणे कोंबड्याची टोपली डोक्यावर घेतली. लग्नातल्या शर्टासकट. आमची लोकल आमच्या पाठीमागं निघून गेली. घरी पोचलो तेव्हा सासूबाई दारातच होत्या. माझ्या गजऱ्याकडं बघून त्या पहिल्यांदा आणि शेवटचं हसल्या असाव्यात. पोट धरून. मी मोरीत जाऊन रडले. लग्नातलं राहिलेलं सगळं त्या दिवशी रडून घेतलं.

बरं, प्रकरण तिथं संपलं नाही. मावशीनं गावभर सांगितलं, "पोरगी गजरा घालून ठेसनावर येती, लय मानाची हाय." पुढची कित्येक वर्षं उर्श्याकडून येणारा प्रत्येक पाहुणा फलाटावर उतरून आधी मला शोधायचा. न दिसले तर घरी येऊन रुसायचा.

पुण्याची सहल तेव्हापासून पुढच्या रविवारवर गेली. दरम्यान मुलं झाली, त्यांच्या शाळा, सासूबाईंचं आजारपण, लग्नं, नातवंडं. पुण्याला मी शेकडो वेळा गेले. दवाखान्यात गेले, बारशाला गेले, ट्रंकेच्या कुलपाची किल्ली करायला गेले. पण ती सहल नव्हे. कामाला गेलेलं सहलीत धरत नाहीत, हा माझा नियम.

गेल्या हिवाळ्यात यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. डॉक्टर म्हणाले, नंतर काही महिने घरातल्या घरात. रात्री यांच्या वाटीतल्या भाजीत मीठ नव्हतं. यांनी एक घास खाल्ला, वाटीकडं पाहिलं, आणि इतक्या वर्षांनी बरोबर ओळखलं.

"पुणं?" यांनी विचारलं.

"ऑपरेशनच्या आधीचा रविवार," मी म्हटलं. "नाही तर राहू दे, मी माझी एकटी जाईन आणि तुमच्या वाटणीचा डोसाही खाऊन येईन."

या वेळी मी कुणालाही सांगितलं नाही. मुलाला नाही, शेजारी नाही, फोनवर कुणाशी बोलताना तर विषय हवापाण्याच्या पुढं जाऊ दिला नाही. तसं आता पाहुण्यांचं भय राहिलेलंही नव्हतं. हल्ली लोक गाडीनं येतात, रिसॉर्टात उतरतात, आणि घाटात अडकले की तिथून फोन करतात, "काकू, तुमच्या लोणावळ्याला काय ही गर्दी!" जशी काही ती मीच बोलावली. म्हणजे, निम्मी मीच बोलावली असेल, पण ते त्यांना कशाला सांगा.

रविवारी सकाळी फलाटावर उभे राहिलो. डाळिंबी साडी कधीच विरली होती, पण रंग तोच घेतला होता. गजराही. यांच्या एका हातात काठी आणि दुसऱ्यात चिक्कीचा पुडा.

"हे कशाला? पुण्यात कोणाकडं जायचंय?"

"कुणाकडंच नाही. पण सहलीला आलेली माणसं चिक्की घेतात. आपण सहलीला निघालोय ना?"

दातांचा पत्ता नाही आणि चिक्की! पण मी पदर तोंडाला लावला, कारण मला हसू येत होतं, आणि हसले असते तर हे लाजले असते.

गाडी लागली. दार आमच्यासमोर आलं. दारात आमची नात. पुण्यात नोकरी करते, महिन्याला एकदा फोन करते. पाठीवर सॅक, मागं तिच्या तीन मैत्रिणी.

"सरप्राइज!" ती ओरडली, आणि मग थबकली. "आजी! तू आम्हाला घ्यायला आलीस? तुला कसं कळलं? आणि गजरा!"

मला ती कोंबड्याची टोपली आठवली.

"आम्ही नागफणीला जाणार, पण आधी तुझ्या हातचं खाऊन. ह्या तिघींना मी इतकं सांगितलंय! आंबेमोहोराचा भात, तुझी काळ्या मसाल्याची आमटी..." मैत्रिणी माझ्याकडं अशा बघत होत्या, की जणू मीच आमटी. आणि यांनी? यांनी काठी काखेत मारून नातीची सॅक घ्यायला हात पुढं केलासुद्धा. "चला, घरी चला," हे म्हणाले. तोच निमूट आवाज.

ते वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. तुलाच घ्यायला आले. किती सोपं आहे ते. म्हटलं की सगळे खूश, आणि मी दुपारी आमटीला फोडणी देत स्वतःशी धुसफुसायला मोकळी. पण हे उद्या-परवा ऑपरेशनच्या टेबलावर, आणि नंतरचे कित्येक रविवार खिडकीतून लोकल मोजणार. मी यांच्या हातातून सॅक काढली आणि नातीच्या पाठीवर परत चढवली.

"नाही," मी म्हटलं. "तुम्हाला घ्यायला नाही आले. आम्ही सहलीला चाललोय."

"कुठं?"

"पुण्याला."

"पुण्याला?" नातीचं तोंड उघडंच राहिलं. "सहलीला पुण्याला कोण जातं?"

"लोणावळ्याची माणसं." मी कंबरेची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "तांदळाचा डबा खालच्या फळीवर. काळा मसाला बरणीत, चमचा कोरडा घाला. आमटी बिघडली तर भरपूर पाणी घाला आणि तिलाच सूप म्हणा. भांडी घासून ठेवा."

"अगं पण आजी, आम्ही तुला भेटायला आलो होतो!"

"मला भेटायला, का नागफणीला?"

मैत्रिणींपैकी एक फिसकन हसली. नातीनंही मग हसू सोडलं, आणि वाकून आजोबांना डब्यात चढायला आधार दिला. गाडी हलली तेव्हा त्या चौघी फलाटावरून हात हलवत होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या हातांच्या दुसऱ्या बाजूला होते. कामशेतला यांनी चिक्कीचा तुकडा फोडून दिला, आणि आम्ही दोघं तळेगाव येईपर्यंत तो गालात धरून चोखत बसलो.

पुण्यात काय केलं? काही नाही. शिवाजीनगरला उतरून मेट्रोत बसलो, सरकत्या जिन्यावर हे माझा हात धरून उभे राहिले, गणपतीला नमस्कार केला, बागेत बाकावर हे अर्धा तास झोपले. मी बसून येणारी-जाणारी माणसं बघितली. एकालाही किल्ला दाखवावा लागला नाही.

मग डोसा. टेबलाच्या दोन बाजूंना दोघं. मी उठले नाही. चटणी हवी होती तरी उठले नाही. हात वर केला, आणि चटणी आली.

शेजारच्या टेबलावर एक जोडपं होतं, लहान मूल घेऊन. बाईंनी हसून विचारलं, "कुठून आलात आजी?"

"लोणावळ्याहून."

"अय्या! मजा आहे तुमची. आम्हाला इतकं यायचंय तिकडं, पण जमतच नाही."

यांचा चमचा हवेत थांबला. टेबलाखाली यांचा चांगला गुडघा माझ्या गुडघ्याला लागला, आणि जोरात. पण माझं तोंड उघडलं होतं. मावळातलं तोंड, त्याला मी काय करू?

"या की मग लोणावळ्याला!" मी म्हटलं. यांनी डोळे मिटले. "आमच्याकडंच उतरा. फक्त रविवारी नको हं. रविवारी आम्ही घरी नसतो."