खंड नसलेली जमीन

बी.ए.ला अर्थशास्त्रात मी आपटलो, आणि कुठे आपटलो तेही मला पक्कं ठाऊक होतं. सर्वांत हलक्या जमिनीला खंड, म्हणजे मालकाला द्यायचं भाडं, का पडत नाही, असा प्रश्न होता. मी ठासून लिहिलं की अशी जमीन जगात नाही. आमच्या घरामागच्या उतारावर वरकस, म्हणजे डोंगराळ हलकी जमीन, होती. तिच्यात नाचणीखेरीज काही येत नसे आणि तीच आमची वर्षाची भाकरी. तिचाही तिसरा हिस्सा खोत दरसाल उचलून नेई.

नापास मुलांसाठी रत्नागिरीत एक निवृत्त प्रोफेसर मे महिन्यात आपल्या पडवीत जादा वर्ग घेत. फी नव्हती, पण जीभ तिखट. "गाढवा, परीक्षकाला तुझा गाव बघायचा नाही. पुस्तकात आहे ते लिही." महिनाभर त्यांनी माझ्याकडून ते उत्तर घोटून घेतलं: जिचं पीक कसण्याच्या खर्चातच जातं, त्या जमिनीला खंड नाही. मला पाठ झालं, पटलं मात्र नाही.

एका रविवारी वडील पोह्यांचं गाठोडं घेऊन चालत आले.

"मास्तरान काय शिकवलान?"

मी ऐटीत सांगितलं.

"सायबाच्या पुस्तकात छापलान हाय?"

"हो."

त्यांनी पुन्हापुन्हा विचारलं. मला वाटलं, लेकाच्या विद्येचं कौतुक चाललंय. छापील इंग्रजी म्हणजे सरकारी कायदा, असं आमच्या वाडीत सगळे समजत. कॉलेजात जाऊन मी शहाणा ते विसरलो होतो.

वडील परस्पर खोताच्या ओटीवर गेले. यंदापासून वरकशीचा हिस्सा द्यायचा नाही, असा कायदा झालाय, म्हणाले. खोत पोट धरून हसला. "मग त्या पुस्तकातच नांगर घाल." पेरणीआधी त्याने जमीन दुसऱ्या कुळाला दिली. मी खोताच्या हातापाया पडलो. माफी मागितली. काही उपयोग झाला नाही. माझी मला इतकी शिसारी आली की पुस्तक उघडवेना.

तरी परीक्षेला बसलो. तोच प्रश्न आला. घोटलेलं उत्तर एकही चूक न करता उतरवलं आणि पास झालो.

निकाल सांगायला घरी गेलो, तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, "मंजे पुस्तकातला खराच होता ना रे?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्या उत्तरावरच तर पास झालो होतो.