बेडकीचा पाला

हिंजवडीत नोकरी लागली आणि मी कासारसाईत एक खोली भाड्याने घेतली. घरमालकीण मावशींना मधुमेह होता. गोळी चालू होती, आणि चालण्यात त्या मला मागे टाकत.

एका रविवारी भाकरी थापताना त्या घामाने डबडबल्या, हात थरथरायला लागले आणि मटकन खाली बसल्या. मी साखरेचं पाणी पाजलं. जरा तरतरी आल्यावर रिक्षातून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते. रक्त तपासून, ग्लुकोजचं पाणी हातात देत म्हणाले, "साखर अजून कमीच आहे. गोळी जास्त घेतली?"

"न्हाई, एकच."

"आणखी काही?"

 मावशी पुटपुटल्या, "बेडकीचा पाला चावतीय. भावानं आणलाय कोळवणातनं. साखर उतरती म्हनं."

आता बोलणी बसणार, असं मला वाटलं. पण डॉक्टर पुढे झुकले. "जवळ आहे?"

कमरेच्या पिशवीतून पुडी निघाली. डॉक्टरांनी एक पान स्वतः चावलं, एक मला दिलं. कडवट चव. मग त्यांनी चहासाठीची साखर आमच्या तळहातांवर ठेवली. जिभेला नुसती वाळू! कण खरखरत होते, गोडी कुठेच नव्हती. डॉक्टर हसायलाच लागले. "हे फक्त वाचलं होतं मी."

"मग गोळी सोडू का?" मावशींनी लगेच विचारलं.

"अजिबात नाही. गोळीवर हा पाला, म्हणून साखर एवढी उतरली असणार. सध्या पाला बंद. गोळीचा मला अंदाज आहे, पाल्याचा नाही. विचारून सांगतो."

त्यांचा एक मित्र पुण्यात वैद्य होता. दोघांनी मिळून ठरवलं: गोळी थोडी कमी, पाल्याची पूड मोजून, आणि रक्त वरचेवर तपासायचं.

"पाला खायाला बी चिठ्ठी लागती व्हय?" मावशी कुरकुरल्या, पण सगळं पाळलं. पुन्हा तसा घाम फुटला नाही.

मला मात्र तो पाला उगवतो कुठे ते बघितल्याशिवाय चैन पडेना. दिवाळीनंतर मी मावशींबरोबर एसटीने कोळवणला गेले. त्यांच्या भावाने बांधावरच्या करवंदीच्या जाळीवर चढलेला वेल दाखवला. अगदी साधी पानं. मी एकटी असते तर ओळखलाही नसता.

"हे पहिल्यांदा कुणाला कळलं असेल हो मामा?"

त्यांनी डोकं खाजवलं. "आसंल कुनीतरी. पाला चावून घरी गेला, गूळ गोड लागंना, म्हनून बायकूशी भांडला आसंल."